'फ्लॅग' म्हणजे मान टाकणे
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला बोलण्यासाठी विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारिणीने दिली. आम्ही बँकेत लिपिक आहोत, तेव्हा बचत, कर्ज किंवा बँकेच्या परीक्षा यांपैकी एखादा विषय घेऊ, अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असेल. परंतु आम्ही विषय घेतला आहे तो एका इंग्रजी शब्दाचा. शब्द चारच अक्षरांचा आहे : एफ-एल-ए-जी, फ्लॅग. 'यात काय बोलायचे? फ्लॅग म्हणजे झेंडा, हे बालवाडीतले पोरसुद्धा सांगेल,' असे काहींच्या मनात आले असेल. नेमके तेच आमच्याही मनात होते, आणि तेथूनच ही हकीकत सुरू होते.

आपल्या सभागृहात संध्याकाळी अभ्यासिका चालते, हे आपण सर्व जाणता. तेथे आठवड्यातून दोन दिवस आम्ही इंग्रजी घेतो. एकदा सरावाच्या पुस्तिकेतील उतारा वाचायला घेतला होता. वाळवंटातून चाललेल्या काही प्रवाशांची गोष्ट होती. त्यात एक वाक्य आले : 'बाय द थर्ड डे देअर स्पिरिट्स हॅड बिगन टू फ्लॅग.' एका मुलाला अर्थ सांगायला उभे केले. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "तिसऱ्या दिवशी त्यांच्या भुतांनी झेंडा लावायला सुरुवात केली होती."

सगळा वर्ग हसला. प्रांजळपणे सांगतो, आम्हीही हसलो. आणि हसून झाल्यावर पुढच्या वाक्याकडे वळलो.

तो मुलगा पुढचे दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याने आपला खिशात मावणारा शब्दकोश पुढे केला. त्यात 'स्पिरिट'चा पहिला अर्थ 'आत्मा, भूत' असा होता आणि 'फ्लॅग'चा 'झेंडा, निशाण'. तो म्हणाला, "सर, मी बघूनच सांगितलं होतं." त्याचे चुकले नव्हते. त्याने शब्दकोश उघडण्याचे कष्ट घेतले होते. हसणाऱ्या आम्ही ते घेतले नव्हते. तो मुलगा आज येथे बसला आहे. त्याचे नाव घेत नाही, पण त्या दिवशीच्या हसण्याबद्दल त्याची क्षमा मागूनच आम्ही विषयाला सुरुवात करतो.

त्या दिवसानंतर आम्ही ग्रंथालयातला जाडजूड कोश काढून बसलो. 'फ्लॅग' या एका रूपाखाली तेथे एक शब्द नसून निरनिराळे शब्द राहतात, असे दिसून आले. एकाच चाळीत एकाच आडनावाची चार कुटुंबे असावीत, तसे. आडनाव एक, नाते असेलच असे नाही.

पहिले कुटुंब झेंड्याचे. शाळेत पंधरा ऑगस्टला होते ते फ्लॅग होस्टिंग. मंत्रिमहोदय हिरवी झेंडी दाखवून रेल्वेगाडी सोडतात, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्र लिहिते, 'फ्लॅग्ड ऑफ द ट्रेन'. आरमाराच्या ज्या जहाजावर प्रमुखाचे निशाण असते ते फ्लॅगशिप. त्यावरूनच सरकारच्या मुख्य योजनेला 'फ्लॅगशिप योजना' म्हणतात. आमच्या बँकेतही हे कुटुंब राहायला आले आहे. एखाद्या खात्यात संशयास्पद काही आढळले की संगणकात त्यावर खूण केली जाते, तेव्हा 'खाते फ्लॅग झाले' असे आम्ही रोज म्हणतो. रिझर्व्ह बँकेने 2015 साली कर्जातील फसवणुकीसंबंधी जी चौकट घालून दिली, तिच्यात 'रेड फ्लॅग्ड अकाउंट' ही संज्ञाच आहे. येथे फ्लॅग म्हणजे लक्ष वेधण्यासाठी खूण करणे.

दुसरे कुटुंब फरशीचे. सपाट दगडी फरशीला इंग्रजीत फ्लॅगस्टोन म्हणतात. तिसरे कुटुंब वनस्पतीचे. पाणथळ जागी वाढणाऱ्या, तलवारीच्या पात्यासारखी पाने असलेल्या आयरिस जातीच्या झाडालाही फ्लॅग म्हणतात.

आणि चौथे कुटुंब म्हणजे आपल्या उताऱ्यातले. हे क्रियापद आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ सैल होऊन खाली लोंबणे असा होता. झेंड्याच्या फ्लॅगशी याचे नाते नक्की काय, याविषयी भाषापंडितांचे एकमत नाही. पण वारा पडल्यावर काठीला चिकटून लोंबणारे फडके डोळ्यांपुढे आणले की अर्थ ध्यानात राहायला मदत होते. पुढे हा शब्द माणसाच्या बळाला, उत्साहाला, लक्षाला लावला जाऊ लागला आणि आजचा अर्थ रूढ झाला : हळूहळू थकणे, जोर कमी कमी होत जाणे. आता ते वाक्य पुन्हा पाहा. स्पिरिट्स म्हणजे येथे भुते नव्हेत, मनाची उभारी. 'तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांची उभारी ओसरू लागली होती.' झाले वाक्य.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत हे चौघे ओळखायचे कसे? एक साधी खूण सांगतो, ती वहीत उतरवून घ्या. वाक्यात फ्लॅग हे क्रियापद आले, तर त्याला कर्म आहे का ते पाहा. 'द बँक फ्लॅग्ड द अकाउंट' : येथे अकाउंट हे कर्म आहे, म्हणून अर्थ खूण करणे. 'द रनर फ्लॅग्ड इन द लास्ट लॅप' : धावपटूने कशाला काही केलेले नाही, कर्म नाही, म्हणून अर्थ जोर कमी पडणे. कर्म असेल तर खूण किंवा झेंडा, कर्म नसेल तर थकवा. शंभरातल्या बहुतेक वाक्यांना ही कसोटी पुरते.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. भूतकाळात आणि 'इंग' लावताना शेवटचा जी दोनदा येतो : एफ-एल-ए-डबल जी-ई-डी. स्टॉपचे स्टॉप्ड होताना पी दोनदा येतो, तोच हा नियम. आणि हा शब्द लिहिताना घाईत एल गळू देऊ नका, किंवा ए च्या जागी ओ लिहू नका. ओ लिहिलात तर तो 'फ्लॉग' होतो, म्हणजे चाबकाने मारणे. थकलेल्याला चाबूक मारण्याचा प्रकार स्पेलिंगमध्येही नको आणि शिकवण्यातही नको!

तिसरी गोष्ट, हा शब्द कोणाच्या संगतीत वावरतो ती. इंग्रजीत कित्येकदा माणूस स्वतः फ्लॅग होत नाही, त्याचे काहीतरी फ्लॅग होते. एनर्जी फ्लॅग होते, इंटरेस्ट फ्लॅग होतो, एन्थुझिअॅझम, अटेन्शन, स्पिरिट्स, कॉन्व्हर्सेशन फ्लॅग होते. पाहुण्यांशी गप्पा रंगलेल्या असतात आणि हळूहळू विषय संपत जातात, मध्ये मध्ये शांतता पसरते, पंख्याकडे बघणे सुरू होते. ते संभाषणाचे फ्लॅगिंग. व्यापार मंदावला तर 'फ्लॅगिंग सेल्स', अर्थव्यवस्था ढिली पडली तर 'फ्लॅगिंग इकॉनॉमी'. माणसालाही लावता येतो. 'आय अॅम फ्लॅगिंग' असे इंग्रज माणूस लांबच्या चालीत म्हणेल, पण तेव्हाही तो 'मी संपलो' असे म्हणत नसतो. 'माझा वेग पडतो आहे, थोडे थांबू या,' एवढेच त्याचे म्हणणे असते.

येथे या शब्दाचे मर्म आहे. इंग्रजीत थकण्याचे शब्द कमी नाहीत. 'टायर' हा सर्वसाधारण. 'एक्झॉस्टेड' म्हणजे विहिरीचा तळ लागला, काही उरले नाही. 'वेन' म्हणजे चंद्र कलेकलेने कमी होतो तसे कमी होणे. 'पॉल' हा वेगळाच शब्द आहे. तो थकण्याचा नसून विटण्याचा आहे. रोज एकच भाजी खाऊन तिचा वीट येतो, तसे. खेळ पॉल होतो, खेळणारा फ्लॅग होतो. या सगळ्यांत 'फ्लॅग'चे वेगळेपण असे, की त्याला दोन अटी लागतात. एक, आधी जोर असला पाहिजे. जे कधी ताठ उभेच राहिले नाही, त्याला फ्लॅग झाले असे म्हणत नाहीत. आणि दुसरी, जोर एकदम न जाता हळूहळू गेला पाहिजे. म्हणून या शब्दाबरोबर 'बिगन टू', 'शोइंग साइन्स ऑफ' असे शब्द वारंवार येतात : 'फ्लॅग होऊ लागला', 'फ्लॅग होण्याची लक्षणे दिसू लागली'.

मग याला मराठीत काय म्हणावे? आम्ही बरीच जुळवाजुळव केली. थकणे आणि दमणे हे सरळ अंगमेहनतीचे. शिणणे, भागणे हे दिवसभराचे. ढेपाळणे हा बराच जवळ येतो, पण त्यात जरा हिणवल्यासारखे वाटते. मरगळणे हाही जवळचा, मात्र त्यात आधीच्या जोराची आठवण नाही. ओसरणे सुरेख आहे. पूर ओसरतो, ताप ओसरतो, उत्साहही ओसरतो. नव्याचे नऊ दिवस ही म्हण आणि आरंभशूर हा शब्द तर याच अनुभवातून आलेले. तरीही काहीतरी राहून जात होते.

ते सापडले आमच्या वडिलांच्या बोलण्यातून. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबले. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. आम्ही जेवताना सहज विचारले, "बाबा, झाड उन्हानं सुकल्यागत होतं, पण मेलेलं नसतं, त्याला काय म्हणता?" ते म्हणाले, "त्याला काय म्हणायचं? रोपानं मान टाकली म्हणायचं."

आम्ही ताटावरून उठून कोश उघडला. 'फ्लॅग'खाली एक अर्थ स्वतंत्र दिलेला आहे : झाडाबद्दल, पाण्याच्या अभावी पाने खाली लोंबणे. इंग्रज माळी ज्याला फ्लॅग म्हणतो, त्याला आपला शेतमजूर मान टाकणे म्हणतो. हजारो मैलांवरच्या दोन माणसांनी एकच रोप पाहिले आणि आपापल्या भाषेत एकच गोष्ट सांगितली. जो शब्द परका वाटून आमचे विद्यार्थी त्याला घाबरतात, त्याचा अर्थ आपल्याच घरात, आपल्याच बापाच्या तोंडात होता. तेव्हापासून इंग्रजी शब्द शिकवताना आम्ही मुलांना आधी विचारतो, 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?'

वडील तेथेच थांबले नाहीत. ते म्हणाले, "पण दुपारी बघून काय कळतंय? रोप सकाळी बघायचं असतं."

हे त्यांचे म्हणणे आम्ही नंतर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाशी ताडून पाहिले. पानावर अगदी बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जात असते. भर उन्हात पानातून जेवढे पाणी जाते, तेवढे मुळे ओढून वर पोचवू शकत नाहीत. पानाच्या पेशी पाण्याने फुगलेल्या असतात म्हणून पान ताठ राहते. पाणी कमी पडले की ताठपणा जातो आणि पान लोंबते. ऊन उतरले की बाहेर जाणारे पाणी घटते, मुळांना उसंत मिळते, आणि जमिनीत ओल असेल तर रात्रीतून पान आपोआप उभे राहते. सकाळी पाहावे तर रोप ताजेतवाने. हे तात्पुरते मान टाकणे.

पण सकाळी उठून पाहिले आणि रोपाची मान तशीच खाली असेल, तर समजावे की जमिनीतली ओलच संपली आहे. तेव्हा विश्रांतीने भागत नाही, पाणी द्यावे लागते. आणि तेही वेळेवर द्यावे लागते. फार उशीर झाला तर मग घागरी ओतल्या तरी रोप उठत नाही.

मित्रांनो, एका शब्दाच्या निमित्ताने आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. दुपारचे मान टाकणे आणि सकाळचे मान टाकणे यांतला फरक आपण ओळखायला शिकले पाहिजे.

आपल्या अभ्यासिकेकडे पाहा. जूनमध्ये सतरंजी पुरत नाही, मुले दारात बसतात. दिवाळी झाली की अर्धी सतरंजी दुमडून ठेवावी लागते. परीक्षेच्या तोंडावर ट्यूबलाईट जास्त आणि मुले कमी, अशी अवस्था होते. आम्ही मोठी माणसे त्याला काय म्हणतो? 'पोरांना गरज नाही', 'मोबाईलमुळे बिघडली', 'याच्यात तेवढी बुद्धीच नाही'. म्हणजे आपण निकाल देऊन मोकळे होतो. इंग्रजी भाषा येथे आपल्यापेक्षा न्यायी आहे. ती म्हणते, इंटरेस्ट फ्लॅग झाला. मुलगा तसाच आहे; त्याच्यातली एक गोष्ट खाली आली आहे, आणि ती खाली आली याचा अर्थच असा की ती आधी वर होती. जूनमध्ये दारात बसून ऐकणारे हेच पोर होते ना?

गेल्या वर्षीची गोष्ट. बारावीतली एक मुलगी अतिशय नियमित येत असे. वही स्वच्छ, उत्तरे नेमकी. गणपतीनंतर ती उशिरा येऊ लागली, आली तरी पेंगू लागली, मग एक दिवसाआड आणि नंतर बंदच झाली. आम्हीही मनात म्हटले, गेली हिची गोडी. पण वडिलांचे ते वाक्य डोक्यात होते, म्हणून एका रविवारी सकाळी घरी गेलो. तिची आई म्हणाली, "भाऊ, पोरीला शिकायचं नाही असं नाही हो. पण आता नळ सहाला येतो. मी कामावरनं येते आठला. पाणी कोण भरणार?"

नळाची वेळ बदलली होती आणि अभ्यासिकेची वेळही सहाचीच होती. धावत पाणी भरायचे, धावत यायचे, रात्री राहिलेला स्वयंपाक करायचा, असे त्या पोरीने दीड महिना रेटले होते. गोडी गेली नव्हती, ओल संपली होती. आम्ही कार्यकारिणीपुढे विषय ठेवला आणि अभ्यासिकेची वेळ सहाऐवजी साडेसात केली. नुसती ती मुलगीच नव्हे, आणखी तिघीजणी परत आल्या. त्या तिघींच्या घरीही तोच नळ होता. आम्ही विचारलेच नव्हते. यासाठी संस्थेचा एक रुपयाही खर्च झाला नाही. भिंतीवरच्या पाटीवरचा आकडा तेवढा खडूने बदलावा लागला.

आता थोडे स्वतःविषयी. दुसऱ्यांच्या गोष्टी सांगून स्वतःची लपवणे बरे नव्हे. आम्ही बी. ए. होऊन बँकेत लागलो, तेव्हा आमचा उत्साह दांडगा होता. बँक कर्मचाऱ्यांसाठी जे. ए. आय. आय. बी. नावाची परीक्षा असते. ती उत्तीर्ण झाल्यास एक वेतनवाढ मिळते आणि पुढची वाट सोपी होते. त्या वेळी तिचे तीन पेपर असत. पहिल्या फटक्यात आमचे दोन सुटले. हिशेबाचा राहिला, कारण आम्ही कला शाखेचे. दुसऱ्या वेळी थोडक्यात हुकला. मग घरात आजारपण निघाले, बदली झाली, लोकलचा प्रवास वाढला. पुस्तक रोज पिशवीत असे. आधी ते गाडीत उघडत असे, मग नुसते पिशवीत राहू लागले, आणि एके दिवशी पिशवीतून कपाटात गेले. ते कोणत्या दिवशी गेले हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. ठरावीक संधींत सगळे पेपर सुटले नाहीत, तर आधी सुटलेलेही पुन्हा द्यावे लागतात. तसे ते दोन्ही गेले.

आम्ही नापास झालो म्हणून थांबलो, असे आम्ही लोकांना सांगत आलो. ते खरे नाही. नापास होण्याला तारीख असते, गुणपत्रिका असते. आमचा उत्साह फ्लॅग झाला, आणि फ्लॅग होण्याला तारीख नसते. हाच त्यातला धोका आहे. कोसळणाऱ्या माणसाकडे चार लोक धावतात. हळूहळू मान टाकणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्याचे स्वतःचेही नाही. त्या काळात एखाद्या सकाळी कोणी विचारले असते, 'काय हो, त्या तिसऱ्या पेपरचे काय झाले?' तर कदाचित तेवढ्या पाण्यावर आम्ही उठलो असतो. दोष कोणाचाच नाही. आम्हीही कोणाला विचारले नव्हते.

या क्रियापदापासून एक विशेषण तयार होते : 'अनफ्लॅगिंग'. म्हणजे न ढळणारे, न ओसरणारे. अनफ्लॅगिंग झील, अनफ्लॅगिंग सपोर्ट असा त्याचा उपयोग होतो. गौरवाच्या भाषणात हा शब्द फार येतो, आणि तो ऐकून वाटते की काही माणसे मुळात थकतच नसावीत. पण उदाहरण घ्यायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचेच घेऊ या. 1913 साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, 1915 मध्ये एम. ए. झाले, 1916 मध्ये लंडनला दाखल झाले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकाची नोकरी केली, पैसा साठवला आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम. एस्सी. आणि 1923 मध्ये डी. एस्सी. झाले. त्या डी. एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता, हे आम्हा बँकवाल्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मध्ये तीन वर्षांचा खंड आहे. अनफ्लॅगिंग म्हणजे खंड न पडणे असा अर्थ घेतला, तर हे उदाहरण बसणार नाही. पण सुटलेला धागा त्यांनी जेथे सुटला तेथूनच पुन्हा उचलला. आमच्या मते या विशेषणाचा खरा अर्थ तोच आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या आवाक्यातला आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तीन गोष्टी सांगून रजा घेतो.

पहिली, भाषेविषयी. शब्दकोशातला पहिला अर्थ घेऊन उठू नका. सगळे अर्थ वाचा, मग वाक्याकडे या आणि कोणता बसतो ते पाहा. आणि वर्गात कोणाचा अर्थ चुकला तर हसू नका. चुकणाऱ्याने निदान तोंड उघडलेले असते.

दुसरी, स्वतःविषयी. रात्री अकरा वाजता पुस्तकावर डोके टेकले, काही डोक्यात शिरेना, तर 'मला जमणार नाही' असा निकाल त्या वेळी देऊ नका. ती दुपार आहे. झोपा. सकाळी उठून पुस्तक उघडून पाहा. सकाळीही मन तसेच पडलेले असेल, एक दिवस नाही, आठ दिवस, तर ते लपवू नका. आईला सांगा, सरांना सांगा, अभ्यासिकेत येऊन आम्हाला सांगा. 'माझा उत्साह कमी होतोय' हे सांगण्यात कमीपणा नाही. रोप मान टाकते म्हणूनच माळ्याला पाणी द्यायचे कळते.

तिसरी गोष्ट येथे बसलेल्या सभासदांसाठी आणि पालकांसाठी. जून महिन्यात वह्यावाटप करतो, फोटो काढतो, ते चांगलेच आहे. पण जूनमध्ये रोप हिरवेच असते. खरी गरज दिवाळीनंतर असते. म्हणून आमची कार्यकारिणीला नम्र सूचना आहे, की प्रत्येक सभासदाने दोन मुले वाटून घ्यावीत. पैसे द्यायला नकोत. महिन्यातून एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन फक्त विचारावे, 'काय चालले आहे?' घरात दिवा आहे का, बसायला कोपरा आहे का, नळ किती वाजता येतो, एवढे पाहावे.

आणि हो, आम्हीही जे. ए. आय. आय. बी.चा अर्ज पुन्हा भरला आहे. आता पेपर तीनाचे चार झाले आहेत आणि वय पंचेचाळीसच्या घरात आले आहे. निकाल काय लागेल ते लागेल. पण ज्या दोन मुलांना आम्ही वाटून घेऊ, त्यांना आमची एक विनंती आहे : तुम्हीही महिन्यातून एकदा आम्हाला विचारा, 'काका, हिशेबाच्या पेपरचे कुठवर आले?'